एक पाट सोडून

त्रिंबक मास्तरांना चिकटून कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. ते बसूच देत नसत. निजामाच्या अमलात परंड्याच्या शाळेत ते गणित शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या बाकावर आमच्या दोघांमध्ये एक जागा कायम मोकळी. कुणी चुकून तिथं टेकलंच, तर मास्तर दचकून ओरडत, “मोकळीक पायजे, मोकळीक!”

बरं, एवढ्यावर भागतं तर कुरकुर नव्हती. पण माणसं एकमेकांना न चिकटता किती तऱ्हांनी बसू शकतील, हे मोजायचं त्यांना वेड होतं. “एक जागा असली तर दोन तऱ्हा. बसा, न्हाय तर रिकामी ठेवा. दोन जागांना तीन, तीनला पाच, चारला आठ. मागच्या दोन आकड्यांची बेरीज केली की पुढचा आलाच!” हे सगळं चहाच्या दुकानात, कुणी न विचारता. ऐकणारा हळूच कपबशी उचलून दुसरीकडं जाई. देव अक्कल वाटत होता तेव्हाही हे गृहस्थ रांगेत जागा सोडून उभे राहिले असावेत.

एकदा परीक्षेला सात जागांच्या बाकावर दोन मुलं दोन टोकांना बसली आणि तिसरा बिचारा मधोमध. मास्तरांनी कपाळावर हात मारला. “झाला घोटाळा! आता चौथा कुठंबी बसला तरी कुणाला तरी चिकटणारच!” मग चौघे कसे मावतात ते फळ्यावर काढत बसले. हेडमास्तर तणतणत आले, “मास्तर, पेपर आज द्यायचाय का पुढच्या सालाला?”

पुढं मास्तरांच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांचे थोरले भाऊ ईट गावी राहत. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांच्या अंगावर कोड होतं. कोड लागतं, अशी लोकांची खुळी समजूत. पंगतीत दादा बसले की शेजारचा उठे, मग त्याच्या पलीकडचा. शेवटी दादाच आपलं पान उचलून गोठ्याकडं जात. त्यांनी पंगतीत जेवणंच सोडलं होतं. पुतणीच्या लग्नालाही येईनात. मास्तर स्वतः गेले आणि त्यांना गाडीत घालून घेऊन आले.

लग्नात तर मास्तरांनी कहरच केला. पंगतीत दर दोन पाहुण्यांमध्ये एक पाट रिकामा! व्याही भडकले, “मधल्या पाटांवर पितर जेवणार व्हय?” निम्मं वऱ्हाड भुकेनं ताटकळत उभं. त्यात मीही होतो, आणि मनातल्या मनात मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. मास्तर घामाघूम होऊन एकेकाला दंडाला धरून बसवत होते.

एकदाचा मला पाट मिळाला. समोरच्या ओळीत पाहिलं, तर मधोमध दादा. त्यांच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे होते. पण रिकामे तर सगळ्यांच्याच बाजूचे होते. कुणी उठलं नाही.

मास्तर तूप वाढत दादांपाशी आले. दादांनी मान वर करून विचारलं, “त्रिंबक, पंगत अशी विरळ का रं?”

मास्तर तुपाची धार धरून म्हणाले, “नवी रीत हाय, दादा. आता सगळीकडं असंच बसत्यात.”