राउटरची पालखी

"इंटरनेट म्हणजे जाळ्यांचं जाळं, हे पाठ करून जीभ झिजली. जाळं मात्र अजून दिसलं नाही," माआमे पोकूआ शेजारणीच्या कानात पुटपुटली. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं, कारण समोर गावचे राजे नाना बसले होते.

असुकेसे गावच्या म्हाताऱ्यांच्या संगणकवर्गाचा आज निकाल होता. संगणक एकमेकांशी जोडलेले दिसले नाहीत, तर जिल्ह्याचे साहेब ते उचलून शेजारच्या गावाला देणार होते. मास्तरीण दुफीला घाम फुटला होता.

चूक तिचीच. राउटर समजावताना ती बोलून गेली, की हा यंत्रांचा ओच्यामे. गावात नानांशी थेट कोणी बोलत नाही. सगळं ओच्यामेच्या तोंडून जातं. तसंच यंत्रांचं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी ढोल वाजवत, मखमली छत्रीखाली राउटर नानांच्या वाड्यावर गेला. एवढ्या मानकऱ्याला पत्र्याच्या खोलीत ठेवायचं म्हणजे काय!

वर्गातलं नेट मेलं. दुफीने रीतीप्रमाणे ओच्यामे अग्येपोंगकडे तक्रार नेली. बोलणं गोड करून पोचवणं हे त्याचं कामच. त्याने नानांना सांगितलं, की राउटर सुखात आहे म्हणून बाई धन्यवाद देतात. नानांनी उलट तिला एक कोंबडा पाठवला.

साहेबांसमोर सगळ्यांनी सर्व्हर, पासवर्ड, प्रोटोकॉल धडाधड म्हणून दाखवलं. साहेब खूश झाले.

"आता चालवून दाखवा."

पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. साहेबांनी कारण विचारलं. एकाने हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याच्या धुळीवर ढकललं, दुसऱ्याने समुद्राखालच्या तारेवर. ओच्यामेने तर पूर्वजांची नाराजी पुढे केली. नाना गंभीरपणे छताकडे बघत होते. साहेबांनी यंत्रं न्यायला गाडी मागवण्यासाठी फोन काढला. दुफीने ओच्यामेकडे पाहिलं. ओच्यामेने आपल्या चपलांकडे.

तेवढ्यात राजमाता उठल्या. नात्याने नानांच्या सख्ख्या मावशी. भरसभेत नानांना तोंडावर बोलायचा हक्क गावात तेवढा त्यांना. ओच्यामे त्यांचे शब्द झेलायला लगबगीने पुढे झाला.

"तू बस रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडून गेलं की कारल्याचं केळं होतं."

मग त्या नानांकडे वळल्या.

"बाळा, राउटरचा मान, पूर्वज, सगळं राहू दे. ते खोकं तुझ्या पलंगाशी आहे. अंथरुणात लोळून फुकट फुटबॉल बघतोस, आणि गोल झाला की आरडतोस. अख्ख्या गावाला ऐकू येतं."