खोल समुद्रातले जावईबापू

"त्यात काय एवढं? जातो, विचारतो, येतो," असं बायकोला ठणकावून सांगून चष्म्याच्या दुकानाचे मालक लेकीच्या घरी निघाले. काम मात्र अवघड होतं. खुद्द चष्मेवाल्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन ठरलं होतं आणि तेवढे दिवस दुकान सांभाळायला घरचं माणूस एकच, जावई. आणि जावयाशी तर त्यांनी लग्नापासून अबोला धरलेला. जावयाचा गुन्हाही साधासुधा नव्हता. चष्मेवाल्याची मुलगी करून घेणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचा चष्मा ऑनलाइन मागवला होता!

दार लेकीने उघडलं. तिच्या कानाला फोन होता. "बाबा, तुम्ही? हे आतल्या खोलीत आहेत, समुद्रात. जा ना आत," एवढं बोलून ती पुन्हा ऑफिसच्या साहेबांची समजूत काढू लागली. सासऱ्यांनी 'समुद्रात'कडे दुर्लक्ष केलं. हल्लीची मुलं काहीही बोलतात.

खोलीच्या मधोमध जावईबापू उभे होते. कानांवर गच्च हेडफोन आणि डोळ्यांवर काळा, डब्याएवढा चष्मा. सासऱ्यांच्या काळजात कळ उठली. पुन्हा बाहेरूनच घेतला! पण अडला हरी म्हणत त्यांनी राग गिळला.

"जावईबापू, झालं गेलं विसरू या. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे."

"मोती राहू दे आता," जावई पुटपुटले.

सासरे चरकले, तरी नेटाने म्हणाले, "तेवढे दिवस दुकानात बसाल का?"

जावयांनी सरळ अंगठा दाखवला.

"नाही म्हणताय?"

पुन्हा अंगठा, या वेळी अगदी नाकासमोर.

"म्हणजे नातंच तोडायचं का?"

जावयांनी आडवा हात गळ्यावरून फिरवला.

सासरे मटकन खुर्चीत बसले. राग यायला हवा होता, पण आलं रडू. दुकानाचं एक वेळ सोडा, त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती आणि ते कुणाजवळ तरी बोलायचं होतं.

हुंदका ऐकून लेक धावत आली आणि तिने नवऱ्याच्या डोळ्यांवरचा डबा ओढून काढला. आतून घामेजलेला चेहरा निघाला. "बाबा? तुम्ही कधी आलात?"

मग सगळा उलगडा झाला. तो चष्मा नव्हताच, तो डोळ्यांवर चढवून समुद्रात शिरायचा पाणबुड्यांचा ऑनलाइन खेळ होता. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून जोडीदाराला खुणा करायच्या. अंगठा म्हणजे 'वर चला'. गळ्यावरून हात म्हणजे 'माझी हवा संपली'. आपल्या घरून खेळणारा तो जोडीदार मोत्यांच्या नादात वर यायलाच तयार नव्हता.

"मग दुकानाचं?" सासऱ्यांनी डोळे पुसत विचारलं.

"उद्यापासून येतो ना. माझं काम लॅपटॉपवरच असतं, तिथे बसून करेन. आणि ऑपरेशनच्या दिवशी तुमच्याबरोबर मीच येणार."

सासऱ्यांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी तो डबा उलटसुलट करून भिंगं तपासली आणि काच बरी असल्याचा निर्वाळा दिला. मग जावयांनी आतला समुद्र बाहेरही दिसावा म्हणून त्याला टीव्ही जोडून दिला आणि पुन्हा बुडी मारली. सासरे पडद्यासमोर ठाण मांडून बसले. "डावीकडे शार्क आहे, जपून," अशा सूचनाही सुरू झाल्या.

तेवढ्यात लेकीच्या फोनवर आईचा फोन आला. "कधीचे गेलेत. काय करताहेत गं तुझे बाबा?"

"मजेत बसलेत. ह्यांना पाण्यात पाहताहेत."

आईने मोठा उसासा टाकला. "अजून? मग तिथवर गेले कशाला? ते तर घरी बसूनही पाहत होते!"