अख्तरखानमला आवडलेले दोल्मे

"यंदा माझा एकही दोल्मा उलगडणार नाही. लिहून ठेव," गोलनारने सकाळी चहा ओतता ओतता नवऱ्याला बजावलं. इरजने मान डोलावली. मान कधी डोलवायची, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात तो शिकला होता.

उद्या फरवरदीनची, म्हणजे इराणी वर्षाच्या पहिल्या महिन्याची, तेरा तारीख. त्या दिवशी घरात बसणं म्हणजे वर्षभराची पनवती ओढवून घेणं, त्यामुळे अख्खं शिराझ सतरंज्या आणि पातेली घेऊन हिरवळ गाठतं. इरजचं भलंमोठं खटलंही जातं. कुणी काय करून आणायचं ते त्याची थोरली बहीण अख्तरखानम ठरवते. गेल्या वर्षी दोल्मे गोलनारच्या वाट्याला आले होते. द्राक्षाच्या पानांत खिमा-भात भरून वळलेल्या त्या इवल्या वळकट्या हिरवळीवर पोचेपर्यंत साफ सुटून गेल्या. अख्तरखानमने चमचाभर तोंडात घातलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पुलाव छान झालाय गं. पण त्यात पाला कशाला घातलास?"

तो पाला वर्षभर गोलनारच्या घशात अडकून बसला होता. यंदा अख्तरखानमच्या तोंडून "छान" एवढं ऐकायचंच, असा तिने चंगच बांधला होता. कुठे चुकलं तेही तिने शोधून काढलं होतं. तांदूळ अर्धकच्चा हवा, तो फुगून पान फाटू नये म्हणून ते सैलसर वळायला हवं, वर वजनाला ताटली हवी, आणि आदल्या दिवशी शिजवून पातेल्यातच निवू द्यायला हवेत. दुपारी तिने झाकण उचललं तर दोल्मे शाळेतल्या पोरांसारखे ओळीत बसलेले! एकाने हात म्हणून बाहेर काढला नव्हता.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग इरज म्हणाला, "घरात किती वास कोंडलाय," आणि त्याने जिन्याकडचं दार सताड उघडलं.

आता आपल्या पदार्थाचा वास ज्याच्या नाकात गेला, त्याला वाटा द्यायचा, ही रीत गोलनारला आईने घासासोबत भरवलेली. वरच्या मजल्यावर दोन जिवांची बाई. तिच्या नाकात वास गेला आणि तोंडात दोल्मा गेला नाही, तर ते पाप कोण घेणार? गोलनारने एक ताटली भरून वर पाठवली. जिन्यातून निवृत्त मास्तर चालले होते. इरजने सवयीने म्हटलं, "या ना मास्तर, दोल्मे खाऊन जा." मास्तर सवयीनेच म्हणाले, "नको नको, तुम्ही म्हणालात तेच पोचलं." एवढ्यावर मिटलं असतं, पण वास मास्तरांनाही पोचला होताच. दुसरी ताटली गेली. समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडंच होतं. तिसरी गेली.

"तू आता ते दार बंद कर आणि तोंडही बंद कर," गोलनार म्हणाली.

तेवढ्यात तळमजल्यावरची निलूफर भांबावलेल्या चेहऱ्याने वर आली. "ताई, याझ्दहून अख्खं सासर येऊन उतरलंय. सासूबाई म्हणतात, घरात काय मस्त वास सुटलाय, काय केलंयस? काय सांगू?"

नवी सून, पुढ्यात सासू. गोलनारला तिची दया आली. कडेला निळे मासे काढलेलं आपलं मोठं ताट तिने शिगोशीग भरून दिलं. मग पातेल्यात पाहिलं. तळाला अंथरलेली पानं तेवढी उरली होती. बरणीतली खारवलेली पानं संपलेली, दुकानं बंद.

"आता वन्संना काय दाखवू? तळ?" ती खुर्चीत बसली आणि खरंच रडली.

पण दिलेली ताटली रिकामी परत करायची नाही, ही रीत शेजाऱ्यांनाही त्यांच्या आयांनी भरवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून कोथिंबीर-पालक घातलेला अंड्यांचा जाड हिरवा कूकू आला, मास्तरांकडून खिम्याचे कटलेट आले, समोरून खजुराची वडी आली. फक्त निलूफरकडून काही आलं नाही. गोलनारने सगळं पातेल्यात नीट रचलं, झाकण लावलं आणि देवाचं नाव घेतलं.

हिरवळीवर अख्तरखानमने आधी तेच झाकण उचललं.

"दोल्मे कुठायत?"

"म्हटलं, यंदा जरा वेगळं करावं, वन्सं."

"हे सगळं तू एकटीने केलंस?"

शेजाऱ्यांच्या जिवावर जेवण आणलं असं खटल्यासमोर कोण सांगणार? "हो," गोलनार म्हणाली.

अख्तरखानमने कटलेटचा तुकडा मोडला. "कडक आहेत. पण दोल्मे आणले नाहीस ते शहाणपणाचं केलंस."

एवढ्यात पलीकडच्या सतरंजीवरून एक अनोळखी तरुण अदबीने आला. "आम्ही निखाऱ्यावर गरम करत होतो, वास इकडे आला असेल. आईने पाठवलंय," म्हणत त्याने ताट खाली ठेवलं. ताटात दोल्मे होते. कडेला निळे मासे पोहत होते.

"अरे, हे तर आप..." इरज म्हणाला, आणि मांडीला बसलेल्या चिमट्याने गप्प झाला.

अख्तरखानमने एक दोल्मा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला डोळे मिटले. "याला म्हणतात दोल्मा. कसा गपगार बसलाय पानात! छान. फारच छान."

वर्षभर ज्या शब्दासाठी जीव टाकला तो असा शेजारच्या सतरंजीला गेला. हे मीच केलेत म्हणावं, तर पातेल्यातलं कुणी केलं?

"चल, ऊठ. ताट रिकामं जायला नको," अख्तरखानमने त्यात मास्तरांचे कटलेट रचले. "आणि त्या बाईकडून शिकून घे."

दोघी पलीकडे गेल्या. गोलनारला पाहताच निलूफर पांढरी पडली. ताट घ्यायच्या निमित्ताने ती पुढे आली आणि कानाशी कुजबुजली, "ताई, पाया पडते, बोलू नका. मीच केले म्हणून सांगितलंय. सासूबाईंनी पहिल्यांदाच 'माझी सून' म्हटलं."

"सांग गं माझ्या भावजयीला, कसे केलेस," सासूबाईंनी कौतुकाने सुनेकडे बोट दाखवताच अख्तरखानम ऐसपैस बसत म्हणाली.

निलूफरने आकाशाकडे पाहिलं. "आधी... तांदूळ अगदी मऊ शिजवायचा."

"मऊ नाही, अर्धकच्चा," गोलनारला राहवलं नाही.

अख्तरखानमने तिचा दंड दाबला. "गोलनार, जिला येतं ती सांगतेय ना? मग आपण गप्प बसून ऐकावं."

"मग भात दाबून दाबून भरायचा," निलूफरला आता सूर सापडला, "आणि पान आवळून गच्च वळायचं."

"कळलं. पुढच्या वर्षी दोल्मे मीच करणार," अख्तरखानमने जाहीर केलं. "अगदी याच पद्धतीने. तू नुसती बघ."

गोलनारने इरजसारखी मान डोलावली.

"गच्च आवळा हं, वन्सं," ती म्हणाली.