यात्तो की तोतो?

नळाला पाणी आलं की सलीमभाई आधी बादली लावत नसत. पाणी 'यात्तो' आलं की 'तोतो' आलं, हे ठरवत. ते ठरेपर्यंत पाणी जायचं.

सलीमभाई वेरूळला जपानी पाहुण्यांचे गाईड. उस्मानपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहात. जपानी शिकले ते पाहुण्यांशी बोलून आणि एका फाटक्या शब्दकोशावरून. त्या कोशात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच छापलेला: 'शेवटी'.

"छापणाऱ्याचं काय जातंय, सर!" ते म्हणत. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून असले खटले माझ्यापुढं. "यात्तो म्हणजे आपलं 'एकदाचं'. वाट बघून जीव दमला, आन् झालं बुवा! तोतो म्हणजे नुसतं 'शेवटी'. त्यात बरंबी येतं, वाईटबी. बारीक फरक हाय, पण लई खतरनाक."

एकदा कन्नडच्या बसची आम्ही दोन तास वाट पाहिली. बस आलीच नाही. त्यांना खूश करावं म्हणून मी म्हणालो, "यात्तो नाही आली."

"तौबा! 'एकदाची बस नाही आली' असं वर्गात शिकवता का? तोतो म्हणा, तोतो!"

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन ते दारातच उभे. "यात्तो म्हणावं तर पोरीचं ओझं झाल्तं असं वाटतं. तोतो म्हणावं तर..."

"भाई, पेढे द्या आन् आत या," बायको म्हणाली.

शेवटी मी विचारलंच, "एवढा घोळ कशाला? पाहुणे घेतात की समजून."

ते ओट्यावर टेकले. मग सांगितलं. गाईडकीचं पहिलंच वर्ष. एक म्हातारी जपानी बाई एकटीच आलेली. कैलास लेण्यापाशी तिनं नवऱ्याचा फोटो दाखवला. बरीच वर्षं अंथरुणात होते, गेल्या थंडीत वारले, म्हणाली.

"दोन शब्द बोलावं वाटलं, सर. आदबीनं म्हटलं, 'यात्तो गेले का?' बाई पायरीवर बसून रडली. मी काय बोललो ते मला लई उशिरा कळलं. 'एकदाचे गेले का' म्हणलो मी तिला!"

पाहुण्यांच्या वहीत बाईनं लिहिलेला पत्ता त्यांच्याकडं होता. माफीचं पत्र लिहायची हिंमत मात्र होत नव्हती. मी मागं लागलो. महिनाभर खाडाखोड करून त्यांनी पत्र टाकलं.

उत्तर आलं तेव्हा ते आमच्या अंगणात उभं राहूनच वाचत होते, मला मराठीत सांगत होते. बाईनं लिहिलं होतं, "शब्द चुकला नव्हता. नऊ वर्षं मी त्यांचं सगळं अंथरुणातच केलं. ते गेले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटायची. तो शब्द गावात कुणीच तोंडातून काढला नाही. तुम्ही काढलात, म्हणून रडले."

सलीमभाईंनी पत्राची घडी घातली.

"अम्मी सहा वर्षं पडून होती," ते म्हणाले. आमच्या शेजारी यायच्या आधीची गोष्ट. मला ठाऊक नव्हती. "भावांना संसार होते, मी सडा, म्हणून माझ्याकडं. मयतीत सगळे कुजबुजले, सलीम रडला नाय. मी तिथंच भिंतीला टेकून झोपलो होतो, सर. सहा वर्षांत पहिल्यांदा."

बायकोनं न विचारता त्यांचं पान वाढलं. जेवता जेवता ते अम्मीबद्दल बोलू लागले. तिला आंबट वरण लागायचं, पत्त्यांत ती बेधडक लबाडी करायची, आणि पकडली गेली की ओढणी तोंडावर घेऊन हसायची. भात निवून गेला, तरी आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही.