कोळ्याचे वकील पैकूजी

खरं म्हणजे मी काही लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. त्यामुळे चुकलं तर कान धरणारंही कोणी नाही. आमची सारी मंडळी मागावर बसणारी. मी एकटा कॉलेजात बाकावर बसतो, आणि तिथंही शेवटच्या. तरी आमच्या कोष्टीपुऱ्यातल्या पैकूजींबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि गल्लीत दुसरा शिकलेला सापडत नाही. तेव्हा आधीच माफी मागतो.

दर रविवारी सकाळी सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये मुलांसाठी विलायती कार्टूनांचा खेळ लागत असे. साठीचे पैकूजी स्वच्छ धोतर नेसून त्याला एकटे जात, आणि पडद्यावर कोळी आला की उभे राहून त्याची बाजू घेत.

कोळी म्हणजे जाळं विणणारा. त्या चित्रांत तो हमखास दुष्ट. काळा, मिशाळ, आठही हात चोळत हसणारा. माशी मात्र नाजूक, लांब पापण्यांची. शेवटी जाळं फाटायचं आणि पोरं टाळ्या पिटायची. नेमके तेव्हाच पैकूजी अंधारात गरजत, "थांबा रे पोरंहो! अंदरकी बात समजून घ्या! घरी बसून इमानदारीनं विणते कोण? कोळी. फुकट भिरभिर फिरते कोण? माशी. मंग बदमाश कोळीच काहून? हे चित्र मिलवाल्यायनं काढलं हाये!"

रांगेत चालणाऱ्या मुंग्या दिसल्या की म्हणत, "पाहा, मिलचा भोंगा वाजला, पाळी बदलली!" आरवणारा कोंबडा हाच त्यांच्या मते भोंगा. उंदीर म्हणजे सुताचा दलाल. मांजराबद्दल त्यांचं मत अजून व्हायचं होतं.

मी या साऱ्याने भारावून गेलो होतो. आमचे प्राध्यापक त्या दिवसांत 'प्रचार' हा विषय शिकवत होते. मला त्यातलं निम्मं कळे, आणि ते मी पैकूजींना जाऊन सांगे. ते ऐकून घेत आणि म्हणत, "हे शिकाले तू कालेजात जाऊन राहिला काय गा?"

हातमागवाला मिलवर रागावणारच. पण पैकूजींचा राग घरात शिरला होता. बायको वारलेली. एकुलत्या मुलीने, गिरजाने, मिलमधल्या एका फिटरशी आपल्या मनाने लग्न केलं. तेव्हा पैकूजी भर गल्लीत बोलून बसले, "मिलवाल्याच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही, अन् त्यानं माह्या!" आता गिरजाला वर्षाची मुलगी होती, बेबी. आजोबांनी नातीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. बोललेलं मागं कसं घ्यावं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि गल्लीही विसरायला तयार नव्हती.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा टॉकीजच्या मॅनेजरने त्यांना दारातच हात जोडले. "आजोबा, एका तिकिटात चित्र आणि भाषण दोन्ही नाही जमत. पुढच्या रविवारपासून आपण घरीच बोला."

पैकूजींचा चेहरा एवढा पडला की मला तत्त्वासाठी झुरणारा माणूस म्हणजे काय ते दिसलं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "मास्तर, आता तू जाजो. अन् सारं पाहून येजो. सारं."

माझी छाती फुगली. ही माझी पहिली नेमणूक. पुढच्या रविवारी पोरांमध्ये ताडासारखा बसून मी एकेक प्राणी डोळ्यांत साठवला आणि थेट पैकूजींकडे गेलो. कोळी किती वेळ होता, जाळं कोणी फाडलं, त्यातून कोणता विचार सुचवला गेला, सारं सांगितलं. माग ठोकता ठोकता पैकूजी हूं हूं करत होते. मग म्हणाले, "अन् बायकायच्या बाजूले कोण होतं?"

"काकाजी," मी ताठ होऊन म्हणालो, "मी तिकडे पाहत नाही."

"पाहत नाही? मंग तुले पाठवलं कायले?"

मला धक्काच बसला. या वयात! घरी येऊन मी आईला म्हणालो, पैकूजींचं काही खरं नाही. आईने कपाळावर हात मारला. "अरे येड्या, गिरजा पोरीले घेऊन तिथं येते ना! साऱ्या गल्लीले माहीत हाये. तुमच्या कालेजात एवढंबी नाही सांगत काय?"

सांगत नाहीत, हे खरं आहे.

पुढच्या रविवारी मी चित्रांकडे पाठ फिरवण्याचं ठरवूनच गेलो. पण बायकांच्या बाजूला पाहण्याचं धैर्य काही होईना. खेळ सुटल्यावर गिरजानेच मला गाठलं. कडेवर पिवळ्या झबल्यातली बेबी होती.

"का गा भाऊ, बाबा काहून नाही येऊन राहिले? बरे हायेत ना?"

मी बंदीची हकीकत सांगितली. ती आधी हसली, मग पदर तोंडाशी नेला. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याईले एक सांगजो."

पैकूजी मागावरच होते. मी सवयीने सुरुवात केली, "आज एक ससा होता—" आणि स्वतःलाच थांबवलं. म्हणालो, "काकाजी, गिरजाताई भेटली."

माग थांबला.

"ती म्हणाली, बाबाले सांगजो, पोरीले त्या चित्रातलं काही समजत नाही. अंधार झाला का रडते. तरी मी दर रविवारी आणते. बायकायच्या बाजूले बाबा दिसतील अशी जागा पकडते, अन् पोरीचं तोंड त्याईच्याकडं करून बसते."

पैकूजी बराच वेळ विणलेल्या काठावरून अंगठा फिरवत राहिले.

"पडद्याकडं नाही?"

"नाही काकाजी. तुमच्याकडं."