पेंडसेकाकांची मटणपरीक्षा

जन्मात मटणाचा कण तोंडात न घातलेला माणूस दर रविवारी मटणाच्या दुकानात सगळ्यांच्या आधी हजर असायचा. हे आमचे शेजारी, पेंडसेकाका.

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथे फिटर, काका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. कामगारांच्या कँटीनला बोईसरच्या बाजारातून मटण जायचं. त्यात जंतू किती, हे बघणं काकांचं काम. काम साधं, पण काकांनी त्याचा संसार मांडला होता. बोकडाच्या मांडीची एक बाजू ओल्या कापसाच्या फायाने पुसून घ्यायची, दुसऱ्या बाजूचा तुकडा कापून पाण्यात घोटायचा. दोन्हींचे थेंब काचेच्या बश्यांत, जेलीवर सोडून उबेत ठेवायचे. जंतू वाढले की ठिपके दिसत. फायाचे कमी, तुकड्याचे जास्त.

"म्हणजे फाया खोटं बोलतो?" मी विचारलं.

"खोटं नाही हो, वरवरचं बोलतो. चिकटून बसलेले पुसून थोडेच निघतात! तुकडा खरं सांगतो, पण तो कापायला गेलो की दुकानवाले जब्बारभाई सुरी उगारतात."

ठिपके उमटायला दोन दिवस लागत. त्यामुळे मटण कसं आहे विचारलं, की काकांचं उत्तर ठरलेलं, "परवा सांगतो."

माझी बायको तिथल्याच, जवळच्या माहीमची. एकदा ती दुकानातच पिशवी घेऊन अडून बसली. "काका, परवापर्यंत आमी काय करायचं? वास घेऊन बगायचं?"

"वास ही काही पद्धत नाही, सूनबाई!"

"साब, परसों तक तो लोग खाके भूल भी जाते हैं," जब्बारभाई म्हणाले. काका भयंकर चिडले. पण मंगळवारी दारात येऊन इमानेइतबारे सांगून गेलेच, "रविवारचं मटण चांगलं होतं बरं का."

मग काकूंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अंगात त्राण उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, सोवळं ठेवा बाजूला आणि मटणाचं सूप द्या, नाहीतर बाई उठायच्या नाहीत. त्या दिवशी काका दुकानात गिऱ्हाईक म्हणून आले. फाया नाही, बशी नाही. पुडकं नाकाशी धरून त्यांनी चक्क वास घेतला. मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं.

बायकोने सूप करून दिलं, मी वाटी घेऊन गेलो. काकू डोळे मिटून पडलेल्या. काकांनी चमचा भरला आणि स्वतःच प्यायले. मग आणखी एक. मग पोटावर हात ठेवून स्टुलावर बसून राहिले.

"अहो काका, चांगलं खळखळून उकळलंय. जंतू कधीच मेले!"

"तेवढं मला कळतं हो," काका म्हणाले. "पण हिच्या बाबतीत माझा कुठल्याच पद्धतीवर विश्वास बसत नाही. हिच्याशिवाय मला आहे कोण?"

सूप पार निवलं. मी ते घरून पुन्हा गरम करून आणलं. तेव्हा कुठे त्यांनी काकूंना उशीला टेकवून बसवलं.

"चांगलं आहे का हो?" काकूंनी हळूच विचारलं.

"चांगलं आहे," काका म्हणाले. "आत्ताच सांगतो. घे."