मिठाच्या पाण्याची काकू

"बाजूक हो रे, तू सिग्नल पितस!"

गावडेकाकांकडे गेलं की असं स्वागत होतं. त्यांच्या मते माणूस म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, आणि पाणी रेडिओच्या लहरी गिळतं. त्यामुळे पाहुण्याने खुर्चीत बसावं की दारातच थांबावं, हे ते टेबलावरच्या मीटरकडे बघून ठरवतात. माझी बायको बारीक, तिला थेट आत प्रवेश. मला चहा उंबऱ्यातच मिळतो.

चारकोपच्या आमच्या सोसायटीत काका माझे शेजारी. वय सदुसष्ट. सगळी नोकरी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, प्रेस मशीनवर गेली आणि त्या ठोक्यांनी कान गेले. कानाचं यंत्र आहे, पण ते घातलं की "फक्त कुकर ऐकू येता", म्हणून ते डबीत असतं. अशा माणसाने गेल्या वर्षी पवईला शनिवारच्या क्लासात नाव घातलं. विषय, वायरलेस सर्किट आणि अँटेना. पहिल्या दिवशी पोरं त्यांना सर समजून उठून उभी राहिली. काकांनी त्यांना बराच वेळ बसायला सांगितलं नाही.

त्याआधी एकदा काकू बाथरूममध्ये घसरल्या होत्या. अर्धा तास हाका मारत होत्या आणि काका बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. मुका मार लागला, बाकी काही नाही. पण काकांच्या मनातून तो अर्धा तास जाईना. "मी शब्दकोडां सोडवत होतंय रे," एवढंच ते मला म्हणाले.

मग ठरलं. काकूंच्या गळ्यात एक बटण, काकांच्या मनगटावर पट्टा. तिकडे दाबलं की इकडे थरथरायचं. विकत मिळतं की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "विकतच्याक आमचां घर म्हायत आसा?"

बटण टेबलावर झकास चाले, माणसाच्या गळ्यात गेलं की मुकं. काकूंना तासन्‌तास खुर्चीत बसवणं काकांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी काकूच बनवली. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत माणसाच्या अंगात असतं तसं मिठाचं पाणी भरलं, ती खुर्चीत बसवली आणि वर काकूंचा जुना गाऊन चढवला. पोस्टमन तिला दोनदा "मावशी, सही" म्हणाला. काकू तिला सवत म्हणायच्या.

अँटेना जुळवता जुळवता एकदाचं सवतीच्या गळ्यात बटण ठणठणीत चाललं. खऱ्या काकूंच्या गळ्यात ढिम्म. चार दिवस काका जेवतानाही मीटर बघत होते. पाचव्या दिवशी घोळ सापडला: मंगळसूत्र! अँटेनाला सोनं खेटलं की तिचं गणित बिघडत होतं.

"मग काढून ठेवायला सांगा ना काकूंना," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपणहून एक पाऊल मागे सरकलो. ते तडक बाजारात गेले आणि खोटं मंगळसूत्र घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? "पाण्याच्या पिशवीक," काका खरं ते बोलले. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं. पुढचे पंधरा दिवस ते त्या सौभाग्यवती पिशवीसमोर बसून अँटेनाची तार एकेका तांदळाएवढी कापत होते, पुन्हा जोडत होते.

शेवटी बटण खऱ्या काकूंच्या गळ्यात गेलं. गेल्या रविवारी काका माझ्याकडे पक्कड मागायला आले होते. बोलता बोलता दचकले, मनगटाकडे पाहिलं आणि अनवाणी पळत सुटले. मी मागोमाग धावलो.

काकू स्वयंपाकघरात तव्यासमोर उभ्या होत्या. धडधाकट.

"काय झालां?" काका ओरडले.

"काय नाय. घावणे गरम आसत, खावक येवा." मग तव्याकडेच बघत त्या हळू म्हणाल्या, "चाळीस वर्सां हाक मारतंय. आज पयल्यांदा एका हाकेत इलात."

"काय म्हणता ती?" काकांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं.

काका बायकोजवळ गेले. मग मनगट पुढे करून म्हणाले, "पुन्हा एकदा दाब गे."